नारिंगी दिव्याची गोष्ट

कराडला माझ्या वडिलांचं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि टेबलाखाली यूपीएस. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल ही नेहमीची कामं. २००६-०७ च्या सुमाराला लोडशेडिंग जोरात होतं. वीज गेली की यूपीएस टीं-टीं करायला लागायचा आणि बाबा सगळ्यात आधी मॉनिटरचं बटण दाबून तो बंद करायचे. पंधरा इंची सीआरटी मॉनिटर एकटाच साठ-सत्तर वॅट खायचा. तो बंद केला की यूपीएसची बॅटरी थोडी जास्त पुरायची.

ते बटण ते कायम हातानेच दाबत. कॉम्प्युटरने आपणहून पडदा बंद करावा अशी सोय त्यात होती, पण ती त्यांनी बंद करून ठेवली होती. त्याला कारण होतं. एकदा भर लग्नसराईत एका पत्रिकेचा मजकूर लावून ते गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेले. परत आले तर पडदा काळा आणि मॉनिटरवरचा हिरवा दिवा नारिंगी झालेला. त्यांनी माउस हलवला. काही दिसेना. अजून एकदा हलवला. मग ‘हँग झाला वाटतं’ म्हणून रिसेटचं बटण दाबलं. फाइल सेव्ह केलेली नव्हती. नवरा-नवरीच्या नावांपासून ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत सगळं पुन्हा टाइप करावं लागलं.

मशीनला काहीच झालेलं नसावं. मॉनिटर झोपला होता आणि जागा होत होता. अजून दोन-चार सेकंद थांबले असते तर पत्रिका दिसली असती. पण हे मला कळायला तेरा वर्षं जावी लागली. इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा माझ्याकडे आलेलं पहिलं काम होतं ग्राफिक्स ड्रायव्हरच्या चाचण्यांचं. त्यातही पडदा बंद करायचा आणि पुन्हा चालू करायचा, एवढंच. हे काम करताना या विषयाचा इतिहास वाचत गेलो आणि लक्षात आलं की बाबांची त्या दिवशीची चूक ही त्यांची एकट्याची नव्हती. काळा पडदा म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न संगणकाच्या जगाला चाळीस वर्षं छळतो आहे.

रिकामा पडदा

सुरुवात विजेच्या बचतीपासून झाली नाही. सीआरटी मॉनिटरच्या काचेला आतून फॉस्फरचा थर असतो. मागून इलेक्ट्रॉनचा झोत त्यावर आदळतो आणि तो ठिपका उजळतो. एकच चित्र तासन्‌तास त्याच जागी राहिलं तर तिथला फॉस्फर झिजतो आणि पडदा बंद असतानाही त्या अक्षरांची भुतं काचेवर दिसत राहतात.

यावर जॉन सोचा या प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ‘सॉफ्टॉक’ मासिकात एक छोटा प्रोग्राम छापला. नाव ‘स्क्रनसेव्ह’. तीन मिनिटं कुणी कळफलकाला हात लावला नाही की तो पडदा काळा करायचा. बाकी काही नाही. म्हणजे आयबीएम पीसीवरच्या या पहिल्या स्क्रीनसेव्हरमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. उडते टोस्टर आणि रंगीबेरंगी मासे नंतर आले. टोस्टरवाला ‘आफ्टर डार्क’ हा प्रोग्राम १९८९ चा. लोकांना तो फार आवडला. त्यामागे करमणूक होती हे खरंच, पण मला वाटतं, हलतं चित्र दिसत असलं की मशीन जिवंत आहे याचा दिलासाही मिळत असावा. काळ्या पडद्यात तो नसतो.

मात्र त्या टोस्टरांनी वीज वाचत नव्हती. पडद्यावर पत्रिका असो की टोस्टर, आतला झोत तसाच फिरत असतो, काचेमागचा हजारो व्होल्टचा दाब तसाच असतो, झोत वळवणारी कॉइल तशीच तापत असते. स्क्रीनसेव्हर पडदा वाचवायचा, वीज नाही. नावातला हा घोटाळा आजही अनेकांच्या डोक्यात आहे.

बिल कुणाचं?

१९९२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, ‘एनर्जी स्टार’ हा ऐच्छिक शिक्का सुरू केला. पहिली दोन उत्पादनं होती कॉम्प्युटर आणि मॉनिटर. रिकामा बसलेला मॉनिटर ३० वॅट किंवा त्याहून कमी विजेवर आला पाहिजे, ही अट. शिक्का ऐच्छिक असला तरी २१ एप्रिल १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी एक आदेश काढला, की सरकारी खात्यांनी या अटीत बसणारीच कॉम्प्युटर सामग्री विकत घ्यावी. एवढं मोठं गिऱ्हाईक अट घालतंय म्हटल्यावर उत्पादक हलले. तिकडे स्वीडनमध्ये कर्मचारी संघटनांच्या महासंघाने, टीसीओने, मॉनिटरसाठी ‘टीसीओ ९२’ हे मानक काढलं होतं. त्यात मॉनिटरभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांबरोबर वीजबचतीच्याही अटी होत्या. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या कारकुनांच्या संघटनेने ते लिहिलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे हा आदेश कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं, पण त्याची खूण घरोघरी पोचली होती. त्या काळातल्या कितीतरी मशीनवर, सुरू होताना काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चांदणीचं चित्र यायचं आणि त्याखाली ‘ईपीए पोल्यूशन प्रिव्हेंटर’ असं लिहिलेलं असायचं. आमच्या दुकानातल्या मशीनवरही ते यायचं. मला ते कंपनीचं नाव वाटायचं.

बोलायला तारच नव्हती

अट आली, पण एक अडचण होती. मॉनिटरने झोपायचं कधी हे त्याला कोण सांगणार? कुणी कळफलक वापरतंय की नाही हे कॉम्प्युटरला माहीत असतं, मॉनिटरला नाही. आणि दोघांमधली केबल होती १९८७ मध्ये आलेली, पंधरा पिनांची व्हीजीए. तिच्यातून लाल, हिरवा, निळा असे तीन रंगांचे सिग्नल जात आणि शिवाय दोन इशारे. आडवा इशारा, म्हणजे हॉरिझॉन्टल सिंक, झोताला सांगतो की ही ओळ संपली, डावीकडे परत जा. साध्या ६४० गुणिले ४८० च्या चित्रासाठी तो सेकंदाला साधारण साडेएकतीस हजार वेळा येतो. उभा इशारा, म्हणजे व्हर्टिकल सिंक, सांगतो की पान संपलं, वर जा. तो सेकंदाला साठ वेळा. ‘झोप’ हा शब्द बोलायला वेगळी तार नव्हती.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसा या उद्योगसंघटनेने १९९३ मध्ये यावर जो तोडगा काढला त्याचं नाव ‘डिस्प्ले पॉवर मॅनेजमेंट सिग्नलिंग’, म्हणजे डीपीएमएस. नवीन तार घालायची नाही, नवीन शब्दही नाही. असलेले दोन इशारे थांबवायचे. दोन्ही येत असतील तर मॉनिटर चालू. आडवा थांबला आणि उभा चालू राहिला तर ‘स्टँडबाय’, म्हणजे नुसती डुलकी, लगेच उठता येईल अशी. आडवा चालू आणि उभा थांबला तर ‘सस्पेंड’, गाढ झोप, वीज बरीच वाचणार पण उठायला वेळ लागणार. दोन्ही थांबले तर ‘ऑफ’. मग मॉनिटरच्या आत फक्त एक छोटा मेंदू जागा राहतो, इशारे पुन्हा कधी येतात याची वाट बघत. आणि समोरचा दिवा हिरव्याचा नारिंगी होतो.

यातली गंमत समजायला त्याआधीची दहा वर्षं आठवावी लागतात. तोवर इशारा न येणं म्हणजे धोका होता. १९८१ च्या आयबीएम पीसीबरोबर येणाऱ्या एकरंगी मॉनिटरला चुकीचा आडवा इशारा दिला तर त्याची आतली सर्किटं जळू शकत. पुढे नव्वदीत लिनक्सवर एक्सएफ८६ बसवताना मॉनिटरचे आकडे हाताने भरावे लागत आणि तिथेही स्पष्ट ताकीद असायची, की चुकीचे आकडे दिलेत तर मॉनिटरला इजा होऊ शकते. अशा जगात व्हेसाने म्हटलं, की इशारा थांबला तर घाबरू नका, तो निरोप आहे. मौनालाच अर्थ दिला.

कॉम्प्युटरच्या बाजूने हे मौन पाळायचं काम ड्रायव्हरचं. लिनक्सच्या जुन्या टेक्स्ट कन्सोलच्या कोडमध्ये हे कसं केलंय ते बघण्यासारखं आहे. साध्या व्हीजीए कार्डात एक आकडा असतो, की उभा इशारा कितव्या ओळीवर सुरू करायचा. कोड त्या जागी असेल तेवढा मोठा आकडा भरतो. झोत त्या ओळीपर्यंत कधी पोचतच नाही, म्हणून इशारा कधी निघतच नाही. काही बंद केलेलं नाही, फक्त वेळ कधी येणार नाही अशी व्यवस्था केली आहे. सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ही पद्धत नवी वाटणार नाही.

चाराचे दोन

विंडोज ९५ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटर ‘एनर्जी स्टार’वाला आहे का, अशी एक चौकट होती. युनिक्सच्या जगात एक्स विंडो सिस्टिमसाठी डीपीएमएसचं एक्स्टेंशन डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधून आलं. त्यात तीन वेळा ठरवता येत: किती सेकंदांनी स्टँडबाय, किती सेकंदांनी सस्पेंड, किती सेकंदांनी ऑफ. आधीची वेळ नंतरच्या वेळेपेक्षा मोठी दिली तर ते चूक दाखवायचं. झोपेच्या पायऱ्या उतरायच्या त्या क्रमानेच.

‘एक्ससेट डीपीएमएस फोर्स ऑफ’ ही आज्ञा लिनक्सवर अजूनही चालते. ती पहिल्यांदा देणारा प्रत्येकजण फसतो. एंटर दाबला की पडदा काळा होतो आणि लगेच परत येतो. कारण आज्ञा सुटते एंटर दाबल्यावर, आणि बोट उचललं जातं त्यानंतर. ते बोट उचलणं हीसुद्धा कळफलकावरची हालचाल. मग पडदा जागा होतो. म्हणून जाणते लोक आधी ‘स्लीप १’ लिहितात. एक सेकंद थांब, बोट उचलू दे, मग झोप.

मग सीआरटी गेले आणि सपाट पडदे आले. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत नाही, तापत ठेवायची कॅथोड नाही. मागचा दिवा लावायचा किंवा विझवायचा. अर्धवट झोपेला काही अर्थ उरला नाही. केबलही बदलल्या. २००६ मध्ये आलेल्या डिस्प्लेपोर्टमध्ये तर बोलायला खास वेगळी वाट आहे. तिथे मॉनिटरमधल्या एका ठरलेल्या खात्यात १ लिहिला की ‘जागा हो’ आणि २ लिहिला की ‘झोप’. मौनाची गरजच संपली. तरी झोपलेल्याला उठायला वेळ लागतोच. लिनक्समधल्या इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी ‘जागा हो’ हा निरोप एकदा ऐकू गेला नाही तर तीनदा पाठवून पाहिला जातो, मध्ये एकेक मिलिसेकंद थांबून. शाळेच्या वेळेला आई हाक मारायची, तसं.

ड्रायव्हरची जागाही बदलली. पूर्वी पडद्याच्या हार्डवेअरशी थेट खेळायचा तो एक्स सर्व्हर, म्हणजे कर्नलच्या बाहेरचा एक प्रोग्राम. मार्च २००९ च्या लिनक्स २.६.२९ पासून इंटेलच्या चिपसाठी हे काम कर्नलमध्ये आलं. येताना जुन्या चार अवस्थाही सोबत आल्या: ०, १, २, ३. पुढे या भागाची नव्याने मांडणी झाली, तेव्हा त्या चारांचं काय करायचं हा प्रश्न एका ओळीत सुटला: अवस्था ‘चालू’ नसेल तर ती ‘बंद’ समजा. स्टँडबाय आणि सस्पेंड दोन्ही त्या ओळीत विरघळले. आता नवी मांडणी एकच विचारते, चालू की नाही?

पण शब्द मेले तरी जागा रिकामी होत नाही. मॉनिटर आपली ओळख सांगतो त्या १२८ बाइटच्या नोंदीत आजही तीन बिट राखून ठेवलेले आहेत, ‘मला स्टँडबाय येतं का, सस्पेंड येतं का, ऑफ येतं का’ हे सांगायला. आणि अनेक लिनक्स मशीनवर एक्ससेटला विचारलं तर तिन्ही वेळा छापून येतात: ६००, ६००, ६००. तीन पायऱ्या, तिन्ही एकाच उंचीवर.

परीक्षा कशाची?

आता माझ्या कामाकडे येतो. चालू पडद्याची चाचणी तशी सोपी असते. चित्र आलं का, बरोबर आलं का, बघता येतं. बंद पडद्याची चाचणी घ्यायची म्हणजे अंधाराची परीक्षा. ड्रायव्हरने पडदा नीट झोपवला तर तो काळा. ड्रायव्हर कोसळला तर काळा. केबल सैल झाली तर काळा. उत्तीर्ण आणि नापास दोघांची उत्तरपत्रिका कोरीच.

मी पहिली चाचणी लिहिली ती अशी: पडदा बंद कर, तीन सेकंद थांब, चालू कर, कर्नलला अवस्था विचार, ‘चालू’ असं उत्तर आलं तर बरोबरची खूण कर. असं हजार वेळा. तीन मशीनवर लावून मी रात्री घरी गेलो. सकाळी आलो तर तिन्ही मशीनवर हजारच्या हजार बरोबर. मी खूश. चहा घेऊन येताना रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले काका भेटले. ते म्हणाले, “साहेब, ते खिडकीजवळचं मशीन दोन वाजल्यापासून काळंच आहे. बाकीचे दोन लुकलुकतायत.”

काका बरोबर होते. कर्नल मला सांगत होता ते त्याला दिलेल्या आज्ञेचं, पडद्याचं नव्हे. ‘चालू कर’ म्हटलं, त्याने तशी नोंद केली, मी नोंद वाचली आणि खूण केली. काचेवर काय दिसतंय हे त्या सगळ्या साखळीत कुणीच बघितलं नव्हतं, काका सोडून.

हे शहाणपण या क्षेत्रात माझ्या आधी अनेकांना आलेलं होतं. लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसाठी ‘आयजीटी’ नावाचा चाचण्यांचा मोठा संच आहे. त्यात डीपीएमएसच्या चाचण्या नुसतं चालू-बंद करून थांबत नाहीत. चालू पडदा प्रत्येक फ्रेम संपली की कर्नलला एक इशारा देतो, आणि चित्र बदलणारे प्रोग्राम त्या इशाऱ्याची वाट बघत असतात. पडदा बंद झाला की तो इशारा येणं बंद. मग जो वाट बघत बसलाय त्याचं काय? त्याला ‘नाही येणार’ असं स्पष्ट उत्तर मिळालं पाहिजे. नाहीतर पडदा झोपला म्हणून प्रोग्राम जन्मभर ताटकळत राहील, आणि वापरणाऱ्याला दिसेल तो हँग झालेला कॉम्प्युटर. चाचणी मुद्दाम त्या नेमक्या फटीत बोट घालते: चित्र बदलायची विनंती आणि पडदा बंद करायची आज्ञा एकमेकांच्या पायात येतील असं बघते.

दुसरी युक्ती बेरजेची. इंटेलच्या चिपमध्ये पडद्याकडे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची एक सीआरसी, म्हणजे पडताळ्याची संख्या, काढायची सोय आहे. पडदा बंद करण्याआधीची संख्या लिहून ठेवायची, उठल्यावर पुन्हा काढायची. जुळली तर चिपमधून तेच चित्र बाहेर पडतंय. हा पुरावा कर्नलच्या शब्दापेक्षा पक्का, पण तोही केबलच्या अलीकडचा. पलीकडचं बघायला गूगलने क्रोमबुकच्या चाचण्यांसाठी ‘कॅमिलियम’ नावाचा बोर्ड केला. तो मॉनिटर असल्याचं सोंग घेतो, केबलमधून आलेलं चित्र पकडतो आणि चाचणीला सांगतो, मला हे दिसलं. आयजीटीमध्ये त्याच्यासाठीही चाचण्या आहेत. त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा आमचे काका आठवले. ड्रायव्हरच्या नोकरीत नसलेला, बाहेर उभा राहून बघणारा कुणीतरी लागतोच.

आणि शेवटची परीक्षा विजेची. पडदा काळा झाला याचा अर्थ वीज वाचली असा होत नाही, हे उडत्या टोस्टरांपासून माहीत आहे. २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या काही चिप पडदा झोपला की स्वतःही खोल झोपेत जाऊ शकतात. पण ड्रायव्हरने एखादा भाग चुकून जागा ठेवला तर बाकीचे झोपत नाहीत. पडदा तेवढाच काळा दिसतो आणि बॅटरी गळत राहते. ही चूक काकांनाही दिसणार नाही. ती मीटरवरच दिसते.

बाबांची सेटिंग

या सगळ्यात एक हिशेब कायम राहतो. मॉनिटर झोपवायची सोय विजेचं बिल तेव्हाच वाचवते, जेव्हा ती कुणी बंद करून ठेवत नाही. आणि लोक ती बंद करतात ते वीज फुकट घालवायची हौस म्हणून नव्हे. पडदा एकदा झोपला आणि वेळेवर उठला नाही, की पुढची दहा वर्षं ती सोय त्या माणसाच्या मशीनवर बंद असते. आमच्या दुकानात एका पत्रिकेपायी तसंच झालं. लोडशेडिंगच्या काळात, प्रत्येक वॅट मोजणाऱ्या माणसाने वीज वाचवणारी सोय बंद ठेवली आणि तेच काम बोटाने केलं. हजार वेळा चालू-बंद करून बघायचं ते म्हणूनच. नऊशे नव्व्याण्णव वेळा उठलेला पडदा कुणाच्या लक्षात राहत नाही.

मागच्या दिवाळीत कराडला गेलो होतो. दुकानात आता सपाट मॉनिटर आहे. मी सेटिंग उघडून पडदा दहा मिनिटांनी झोपेल असं केलं आणि बाबांना सांगितलं, की काळा झाला तर माउस हलवायचा आणि पाचपर्यंत मोजायचं, रिसेटला हात लावायचा नाही. त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी पडदा झोपला. त्यांनी माउस हलवला आणि मोठ्याने मोजायला लागले. तिनावर पडदा आला.

“आला,” ते म्हणाले, आणि पहिलं काम म्हणून फाइल सेव्ह केली.